मदत हवी आहे : एलईडी बल्ब बसवल्यावर इंडिकेटरची उघडझाप बंद

माझ्या जुन्या मोटारसायकलच्या इंडिकेटरमधील १२ व्होल्ट, १० वॅटचे चारही बल्ब बदलून एलईडी बसवल्यापासून इंडिकेटर पेटतात, परंतु उघडझाप न करता स्थिर राहतात. जुने बल्ब परत लावले की उघडझाप पूर्ववत होते, त्यामुळे वायरिंग ठीक असावे. पूर्वी एका बाजूचे दोन बल्ब मिळून सुमारे पावणेदोन अँपियर प्रवाह घेत आणि त्यानेच फ्लॅशरमधील (इंडिकेटरची उघडझाप घडवणाऱ्या भागातील) धातूची पट्टी तापून वाकत असे. एलईडीच्या अल्प प्रवाहाने ती पुरेशी तापतच नसावी, असे मला वाटते.

कुर्ल्यातील एका मेकॅनिकने प्रवाह वाढवण्यासाठी प्रत्येक बाजूला रेझिस्टर (विद्युत रोधक) जोडण्यास सुचवले आहे. मात्र १० ओहमचा रेझिस्टर पेटलेल्या अवस्थेत सुमारे १४ वॅट उष्णता सोडतो, आणि प्लॅस्टिकच्या पॅनेलजवळ ते मला धोक्याचे वाटते. एलईडीसाठीचा, कमी प्रवाहावरही चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर अधिक योग्य ठरेल. परंतु मीटरमधील एकमेव इंडिकेटर दिवा डाव्या व उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेला असल्याने, त्यातून प्रवाह पलीकडे जाऊन चारही एलईडी एकदम लुकलुकतील अशी शंका आहे. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर लेन बदलताना असा चुकीचा इशारा मागच्या वाहनांना मिळणे गंभीर आहे.

दोन डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लावून मीटरमधील त्या दिव्याचे दुसरे टोक अर्थला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) जोडण्याचा उपाय कोणी केला आहे का? कोणते डायोड वापरले आणि पावसाळ्यात ते जोड टिकले का, हे कृपया सविस्तर सांगावे.