‘हिडन’ म्हणजे गुप्त की झाकलेलं?

सांगलीतल्या आमच्या वाचनालयात दोन जुन्या कॉम्प्युटरवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारं मोफत लिनक्स) टाकून ते वाचकांसाठी ठेवलेत. बटण दाबलं की पासवर्ड न विचारता वाचकांचं खातं उघडावं आणि ॲडमिनचं खातं लॉगिनच्या यादीत दिसूच नये, एवढंच करायचं होतं. ‘कस्टम डॉट कॉन्फ’ या लॉगिनच्या सेटिंगच्या फाईलीत ऑटोमॅटिक लॉगिन सुरू केलं, खाती सांभाळणाऱ्या अकाउंट्स-सर्व्हिसच्या फाईलीत ॲडमिनच्या ‘सिस्टिम-अकाउंट’पुढे ‘ट्रू’ लिहून ते यादीतून काढलं, झालं. अडलो ते मराठीत सूचनांचा कागद करताना. लॉगिनला ‘प्रवेश’, सेटिंगला ‘मांडणी’ आणि हिडनला (न दिसणाऱ्या फाईली, खाती) ‘गुप्त’ लिहिलं. रोज पेपर वाचायला येणारे एक निवृत्त मास्तर कागद वाचून म्हणाले, “गुप्त? काय लपवून ठेवलंय तुम्ही आत?” सुचवा काहीतरी.

— कराडहून:
‘प्रवेश’ चालेल, पण त्यात दार आहे, वही नाही. लॉग म्हणजे ओंडका. जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधलेला लाकडाचा तुकडा पाण्यात सोडत आणि ते आकडे जिच्यात उतरवत ती लॉगबुक. लॉगिन म्हणजे वहीत नाव चढवून आत येणं. साखर कारखान्याच्या गेटवर हजेरी लावून आत जातात, तसं. तुमच्या ऑटोमॅटिक लॉगिनमध्ये वाचकाची हजेरी मशीनच लावतं! पासवर्डला मात्र ‘परवलीचा शब्द’ हा पहाऱ्यावरचा अस्सल शब्द आहे. आमच्या आईला तो सांगून बघितला, तिला काही कळेना. ‘पासवर्ड’ म्हटल्यावर लगेच डायरी काढली.

— साताऱ्याहून:
‘मांडणी’ नको. आमच्याकडे मांडणी म्हणजे भांडी लावायची. सेटिंगला सेटिंगच म्हणा. अर्थात इथे ‘त्याचं सेटिंग आहे’ म्हटलं की कॉम्प्युटर कुणाच्याच डोक्यात येत नाही, हा भाग वेगळा.

— हरिपूरहून:
मास्तरांचं बरोबर आहे. गुप्त म्हणजे दुसऱ्याला कळू नये म्हणून राखलेलं. लिनक्समधली ठिपक्याने सुरू होणारी फाईल तशी नसतेच. ती नुसती नजरेआड असते, कुलूप नाही. ती प्रथाही चुकून पडली. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्समध्ये फाईलींची यादी दाखवणारी ‘एलएस’ आज्ञा आहे. तिच्यात एक ठिपका (हेच फोल्डर) आणि दोन ठिपके (वरचं फोल्डर) अशा दोनच नोंदी यादीतून गाळायच्या होत्या. लिहिणाऱ्याने पहिलं अक्षर ठिपका आहे का, एवढंच तपासलं आणि ठिपक्याची सगळीच नावं दिसेनाशी झाली. युनिक्सवर काम केलेले रॉब पाईक यांनी हे सांगितलंय. मग लोक सेटिंगच्या फाईलींना मुद्दाम ठिपक्याची नावं देऊ लागले.

आमच्या गावात याला नेमकी वस्तू आहे, पेव. हळद जमिनीखाली उतरवायची, तोंड बंद करून वर माती लोटायची. परका माणूस वरून चालत गेला तरी त्याला पत्ता लागत नाही, पण कुणाचं पेव कुठे ते गावाला ठाऊक. २००५ च्या महापुरात पाणी आत शिरलं आणि बरीच पेवं गेली. पेव उघडलं की लगेच आत उतरत नाहीत, आतली कोंदलेली हवा आधी जाऊ देतात. ठिपक्याची फाईल उघडणाऱ्यानेही इतका दम धरावा, आधी एक कॉपी काढून ठेवावी.

— कराडहून:
‘पेवातली फाईल’ मस्त आहे, पण ‘पेव फुटलं’ म्हणून वाचक हसतील. ‘झाकलेली’ म्हणा. आणि ते ॲडमिनचं खातं झाकलेलंसुद्धा नाही, नुसतं यादीतून वगळलंय. ‘यादीत नाही?’ वर टिचकी मारून नाव टाकलं की उघडतं. पासवर्ड लागतोच.

— मूळ लिहिणारा:
कागद बदलला. लॉगिन, सेटिंग, पासवर्ड तसेच ठेवले. खाली लिहिलं: ‘झाकलेल्या फाईली बघायला कंट्रोल धरून एच दाबा. परत झाकायला पुन्हा तेच.’ मास्तरांनी लगेच दाबून बघितलं. ठिपकेवाल्या फोल्डरांची रांग चष्मा वर करून वाचली, पुन्हा कंट्रोल-एच दाबलं आणि म्हणाले, “हे झाकलेलंच बरं.”