दोन मडक्यांचा फ्रीज जमला, पण माहिती कुठे टाकू?

मडकेवाला
मंडळी एक विचारायचं होतं. मोठ्या मडक्यात छोटं मडकं, मधल्या फटीत ओली वाळू, तोंडावर ओलं फडकं, असा बिनविजेचा फ्रीज बनवलाय. कडक उन्हात बाहेर ३८ होतं तेव्हा आत २६, पालेभाजी चार दिवस टवटवीत. ग्रुपवर फोटो टाकला तर नुसता अंगठ्यांचा पाऊस, आणि दोन दिवसांत सगळं वर सरकून गायब. आता रोज कोणीतरी नवीन येतो आणि तेच विचारतो, वाळू कुठली, पाणी किती वेळा, टाइप करून बोटं दुखली राव. विकिपीडियावर लेख टाकू का? आणि हो, हवा दमट झाल्यापासून हा काहीच करत नाहीये, आतबाहेर सारखंच. ते लिहू की गाळू?

विकीकर
विकिपीडियावर नको, उडवतील. स्वतः केलेले प्रयोग तिथे चालत नाहीत, आणि 'कसं बनवायचं' छापाचे लेख तर नाहीच नाही. अ‍ॅप्रोपीडिया बघा, २००६ पासून असल्याच गोष्टींचा विकी आहे. लायसन्स क्रिएटिव्ह कॉमन्सचं, म्हणजे कोणीही उचलून बदलून वापरणार, तेव्हा फोटो स्वतःचेच टाका, नेटवरून ढापलेले नको.

ओलं_फडकं
दादा गाळू नका!! उलट ते सगळ्यात वर लिहा. मी एका व्हिडिओवरून बनवला होता, त्यात दमट हवेबद्दल अवाक्षर नाही, वर माझं बाहेरचं मडकं ग्लेझ केलेलं, म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप दिलेलं, त्यातून पाणी झिरपणार कसं! तीन आठवडे स्वतःला मूर्ख समजत बसले. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, हवेतच ओल भरलेली असली तर ते उडणार कुठे. ही युक्ती नायजेरियात पसरवली मोहम्मद बाह अब्बा नावाच्या शिक्षकाने, २००० साली त्यांना रोलेक्स अवॉर्ड मिळालं, पण तो उत्तरेकडचा कोरडा भाग. नंतर कॉपी करणाऱ्यांनी मडकी घेतली आणि कोरडी हवा तिथेच सोडली.
एक करा, थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून पंख्यासमोर धरा. जो आकडा येईल त्याच्याखाली मडकं जाणारच नाही. मडकी आणायच्या आधीच कळतं!

जुना_खोडकर
विकी बिकी ठीक आहे पण उघडतो कोण? माणूस ग्रुपवर विचारतो कारण समोरून कोणीतरी बोलतं. पान बनवा, लिंक ग्रुपवर पिन करा, आणि ग्रुपवर नवीन काही निघालं की पानात भरा. हे भरायचं कामच कोणी करत नाही, मी पण नाही करत 😅
फोटो हलके ठेवा प्लीज. लो-टेक मॅगझिनने २०१८ मध्ये सोलरवर चालणारी साइट काढली, बरेच दिवस ढग राहिले की बंद पडते, म्हणून वीज कमी लागावी असे त्यांचे फोटो हलके, करड्या ठिपक्यांचे. तेवढं नको, पण दहा एमबीचं मडकंही नको.

मडकेवाला
ताई फडक्याचा प्रयोग आत्ताच केला. बाहेर २९, ओल्या फडक्याचा आकडा २७. म्हणजे मडकं बिचारं बरोबरच होतं. पान सुरू केलंय, 'कुठे चालत नाही' पहिल्याच ओळीत. फक्त वाळूच्या थराची जाडी कोणी मोजलीय का? मी आपली अंदाजे भरली होती, आता लिहायला बसलो तर आकडाच नाही.