मदत हवी आहे: आम्लाच्या तळ्यातले रोटिफर ओळखायचे कसे?

नमस्कार मंडळी. आम्ही जर्मनीत कॉटबुसजवळ राहतो. इथे लाउझिट्झ भागात लिग्नाइटच्या (तपकिरी कोळशाच्या) उघड्या खाणी होत्या. त्यातल्या बऱ्याच बंद पडल्यावर पाणी भरून तळी झाली. मातीतल्या पायराइटला (लोह आणि गंधकाच्या खनिजाला) हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं, म्हणून काही तळ्यांचा सामू (pH) 2.6-2.7, जवळजवळ लिंबाच्या रसाइतका. मासा एकही नाही. आणि तरी त्यात रोटिफर राहतात! जिवाणू नव्हेत, तोंड-जबडा-पोट असलेले प्राणी, जेमतेम दशांश मिलिमीटरचे.

काठ खचतात, त्यामुळे तिथे कुणालाही जाता येत नाही. आठवीतल्या लेकीच्या प्रकल्पासाठी परवानगी असलेल्या एका अभ्यासकांनी बाटलीभर पाणी दिलं. तोंडावरचे केस चाकांसारखे फिरताना दिसले आणि पोरगी तासभर सूक्ष्मदर्शकावरून हलली नाही.

पाणी लालसर होतं म्हणून मी त्यात थोडं नळाचं घातलं. काही मिनिटांत सगळे थांबले, तळाशी गंजासारखा गाळ बसला. फार वाईट वाटलं. काय चुकलं? आणि हे सेफॅलोडेला की एलोसा (रोटिफरचेच दोन प्रकार), कसं ठरवायचं? ब्लीच घालून जबडे बघा, असं एकांनी सुचवलंय.

– लेकीची आई

---

ताई, ब्लीच त्या पाण्यात थेट अजिबात घालू नका! आम्लात ब्लीच पडलं की क्लोरीन वायू सुटतो. ते काम प्रयोगशाळेत, जाणत्या माणसासमोरच करा. आधी प्राणी स्वच्छ पाण्यात धुऊन घ्यायचा, मग काचपट्टीवर एकच थेंब. मांस विरघळतं, जबडे उरतात.

नळाच्या पाण्याने सामू 7 कडे गेला असेल तर आम्लता सुमारे 20,000 पट उतरली. विरघळलेलं लोह गाळ होऊन बसलं ते त्यामुळेच. पाणी हवंच असेल तर त्याच तळ्याचं, कॉफीच्या फिल्टरमधून गाळून वापरा.

तोवर शेपटाकडे बघा. सेफॅलोडेलाचं अंग मऊ, मागे दोन टोकदार बोटं. एलोसाचं कवच कडक.

– थेंबभर

---

दादा, क्लोरीनचं ठाऊकच नव्हतं, ब्लीचची बाटली आत्ताच उचलून ठेवली. तळ्याचं गाळलेलं पाणी वापरल्यावर आज दोन जिवंत सापडले. दोघांनाही दोन बोटं आहेत. पोटात हिरवं दिसतंय, ते क्लॅमिडोमोनास शेवाळ असेल का?