लिव्हर 2019 ला दिलं, अजून दर मार्चला फोन येतो. सर माझ्या आकड्यांचं करतात काय?

डोंबिवलीची_मीनल:
2019 मध्ये धाकट्या भावाला लिव्हरचा उजवा भाग दिला. तो ठणठणीत, मीही. तरी दर मार्चला परळच्या हॉस्पिटलमधून फोन, "ताई, फॉलो-अपला या." अर्धी रजा टाकायची, उपाशी पोटी लोकल पकडायची, रक्त, सोनोग्राफी आणि वर एक फॉर्म. टाक्यांजवळ बधिर वाटतं का, दमायला होतं का, वेळ आली तर पुन्हा द्याल का. (शेवटच्या प्रश्नापुढे मी "भाऊ कसा वागतो त्यावर" असं लिहिते.) यंदा सहज ऑपरेशन केलेल्या सरांचं नाव नेटवर टाकलं तर शंभरावर रिसर्च पेपर. बारा-बारा तास ऑपरेशन करणारा माणूस हे लिहितो कधी? आणि त्यात मी कुठे?

परळचा_जुना_रेसिडेंट:
मीनलताई, तुमच्यासारख्यांच्या फायली उपसूनच माझं एमसीएच (सर्जरीतली एमएसच्या पुढची पदवी) झालं, म्हणून सांगतो. लिहितात रात्री, आणि एकटे लिहीत नाहीत.

डोनरचा भाग बाहेर आला की थंड द्रावणाने धुऊन बॅक टेबलवर, म्हणजे बाजूच्या टेबलावर, त्याचं वजन करतात. आकडा टिपून ठेवायचं काम माझं. आधीच्या सीटी स्कॅनवरून 700 ग्रॅम धरलेलं, काट्यावर 610. दोनदा असं झालं, सर गप्प. तिसऱ्यांदा म्हणाले, "जुन्या सगळ्या केसेस काढ." गेले माझे चार महिने रेकॉर्ड रूमच्या धुळीत. सीटीत लिव्हर रक्ताने भरलेलं दिसतं, काट्यावर ते रिकामं असतं. उत्तर एवढंसं, पण किती टक्के वजा धरायचे हे ठरवायला शेकडो केसेस लागतात.

आणि तो फरक महागात पडू शकतो. घेणाऱ्याच्या वजनाच्या निदान 0.8 टक्के लिव्हर मिळावं, असा दंडक आहे. 1999 मध्ये क्योतोच्या टीमने आपल्या केसेस तपासल्या तेव्हा त्याखाली निकाल बिघडलेले दिसले. भाऊ 72 किलोचा असेल तर 576 ग्रॅम. छोट्या तुकड्यावर पोर्टल व्हेनचं (आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणारी शीर) सगळं रक्त आदळलं की तो सुजतो, काम करेनासा होतो. म्हणून जास्त घ्यावं, तर तुमच्याकडे निदान तीस टक्के उरायला हवं. पुढे सरांचा प्रश्न बदलला: रक्ताचा जोरच कमी केला तर लहान तुकडा पुरेल का? काही सेंटर्स असं करून 0.8 वरून 0.6 टक्क्यांपर्यंत उतरली आहेत. म्हणजे डोनरचं कमी कापायचं. सर पंधरा वर्षं याच एका प्रश्नामागे आहेत, शंभरातले निम्मे पेपर त्याचेच.

तुम्ही कुठे? उजवा भाग देणाऱ्याच्या जिवाला धोका साधारण दोनशे ते पाचशेत एक, असं ऑपरेशनआधी सांगितलं असेल. इतकी विरळा गोष्ट मोजायला हजारो डोनर वर्षानुवर्षं धरून ठेवावे लागतात. काही डोनरांच्या प्लेटलेट्स पुढे बरीच वर्षं थोड्या कमी राहतात, हेही तसंच कळलं. घरी बसलेल्या धडधाकट माणसाला बोलावल्याशिवाय ते दिसलंच नसतं. नको असेल तर नाही म्हणा, तो तुमचा हक्क आहे, उपचारांवर परिणाम होत नाही.

नाना_ठाणेकर:
सगळं खरं हो, पण सरकारी कॉलेजात बढतीला पेपर लागतात, तेही सांगा की! पुतण्याने सहा महिने एक्सेल भरलं, लेखकांत नाव आलं पाचवं.

परळचा_जुना_रेसिडेंट:
नाना, माझंही पाचवंच होतं, तेही चुकीच्या स्पेलिंगचं. बढतीपुरते पेपर ढिगाने निघतात, ते वाचायचीही सक्ती आमच्यावरच. पण अमेरिकेतल्या थॉमस स्टार्झल यांनी 1963 मध्ये माणसावर पहिलं लिव्हर ट्रान्सप्लान्ट केलं, तो तीन वर्षांचा मुलगा टेबलावरच गेला. पुढचेही पेशंट वाचेनात तेव्हा ते थांबले, परत प्रयोगशाळेत शिरले. वर्षभराच्या वर जगलेली पहिली पेशंट 1967 ची. त्यात कसली आलीय बढती?

ताई, तुमच्या ऑपरेशन नोटमध्ये तुमचंही वजन असणार. म्हणजे दिलेल्या भागाचं. मागून बघा.

डोंबिवलीची_मीनल:
फोन करून विचारलं. 640 ग्रॅम! को-ऑर्डिनेटर मुलगी आधी हसली, मग फाईल काढून दोनदा खात्री केली. भाऊ तेव्हा 72 च किलो होता, तुम्ही नेमका कसा धरलात? भाऊबीजेला तेवढ्या वजनाची चांदी मागितली आहे. म्हणतो, दंडकाप्रमाणे 576 च धर.