इंटरनेट रेडिओचं रेकॉर्डिंग: आधी अख्खं उतरवा, कापाकापी मागाहून. पटतंय का?

खरखर (धागाकर्ता)

इंटरनेट रेडिओ रेकॉर्ड करायचा तर स्ट्रीमरिपर हा प्रोग्रॅम घ्या, गाण्यागणिक वेगळी फाईल मिळते, हा सल्ला अजून सर्रास दिला जातो. माझ्या मते तो आता बाद आहे. स्ट्रीम (नेटवरून सलग येणारा आवाज) जशी येते तशी, पुन्हा एन्कोड न करता (म्हणजे नव्याने न दाबता), तासातासाच्या तुकड्यांत एफएफएमपेग या कमांडने उतरवावी. गाणी वेगळी करणं, आकार कमी करणं, नावं देणं हे सगळं नंतर निवांत करता येतं. उतरवतानाच कापलेलं मात्र पुन्हा जोडता येत नाही.

कमांड देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये रोमन अक्षरं टाका:

एफएफएमपेग -नोएसटीडीइन -आरडब्ल्यू_टाइमआउट १५०००००० -रीकनेक्ट १ -रीकनेक्ट_स्ट्रीम्ड १ -रीकनेक्ट_डिले_मॅक्स ३० -आय "पत्ता" -सी कॉपी -टी ३६०० फाईल.एमपी३

टाइमआउटचा आकडा मायक्रोसेकंदांत असतो, म्हणजे हे १५ सेकंद झाले. तो दिला नाही तर नेट अर्धवट मेल्यावर कमांड नुसती ताटकळत बसते. टाइमआउट आणि रीकनेक्टचे पर्याय -आयच्या आधीच यायला हवेत, कारण ते इनपुटचे आहेत. '-सी कॉपी' विसरलात तर आलेला एमपी३ उलगडून पुन्हा एमपी३ केला जातो. दर्जा घसरतो आणि फायदा काहीच होत नाही.

जागेचा हिशोब सोपा आहे. १२८ केबीपीएसला (सेकंदाला १२८ किलोबिट) तासाला ५७.६ एमबी, ६४ला त्याच्या निम्मे. रोज एक तास याप्रमाणे वर्षाला २१ जीबी. आजच्या डिस्कवर हे काहीच नाही.

फाईलचं एक्स्टेन्शन ठरवण्याआधी एफएफएमपेगसोबत येणाऱ्या एफएफप्रोबने कोडेक (आवाज दाबायची पद्धत, एमपी३ की एएसी) बघा. स्ट्रीम एएसी असेल आणि तुम्ही .एमपी३ लिहिलंत तर कॉपी होणार नाही, कमांड तिथेच एरर देऊन थांबेल. एएसीसाठी सरळ .एएसी घ्या. .एम४एमध्ये फाईलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते. मध्येच लाईट गेली की ५० मिनिटांचा ऐवज डिस्कवर असूनही प्लेअर ती फाईल उघडत नाही.

टेपडेक

असहमत. तासाच्या फाईली उतरवून ठेवणाऱ्यांतले किती जण त्या नंतर खरोखर कापतात? ढीग साचतो, उघडत कोणी नाही. स्ट्रीमरिपर गाण्याचं नाव फाईलला देतो, आणि शोधताना त्याचाच उपयोग होतो.

त्याचे पर्यायही लोक नीट वाचत नाहीत. '-ओ लार्जर' दिलं की तेच गाणं पुन्हा लागल्यावर मोठी फाईल राहते, म्हणजे अर्धवट उतरलेलं आपोआप पुरं होतं. सुरुवातीचं आणि शेवटचं तुटकं गाणं 'इनकम्प्लीट' फोल्डरमध्ये वेगळं पडतं. '-आर' दिलंत तर त्याच जोडणीवरून तुमच्याच मशीनवर ऐकताही येतं, सर्व्हरकडून दुसरी स्ट्रीम घ्यावी लागत नाही. नाव आणि आवाज यांत दोन-चार सेकंदांचा फरक पडत असेल तर एक्सएस_ऑफसेट मिलिसेकंदांत द्या. एका स्टेशनसाठी एकदा बसवलं की झालं.

खरखर

> एका स्टेशनसाठी एकदा बसवलं की झालं.

होत नाही ना! स्टेशनचं सॉफ्टवेअर गाणं बदलताना नाव पाठवतं, आवाज मात्र एन्कोडरच्या बफरमधून मागून येतो. हे अंतर निवेदकाच्या बोलण्याने, जाहिरातीने बदलत राहतं. स्ट्रीमरिपर नाव बदलल्याच्या आसपास शांतता शोधून तिथे कापतो. पण संगीताच्या स्टेशनांवर एक गाणं दुसऱ्यात विरघळवतात. तिथे शांतता असते कुठे?

आपल्याकडच्या कित्येक स्ट्रीममध्ये तर गाण्याचं नाव येतच नाही, दिवसभर फक्त स्टेशनचं नाव. मग तुमच्या स्ट्रीमरिपरचीही एकच लांबलचक फाईल होते.

त्यातून तो एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) बोलत नाही आणि एचएलएस (तुकड्यातुकड्यांनी येणारी स्ट्रीम) त्याला कळत नाही. नुसत्या जुन्या एचटीटीपीवर असलेली, शाउटकास्ट-आइसकास्ट या रेडिओ-सर्व्हरवरची स्टेशनं उरली आहेत, तेवढ्यांसाठी वापरा. तिथेही लहान ए आणि मोठा ए हे दोन्ही पर्याय द्या: लहान ए सगळं एका फाईलमध्ये उतरवतो आणि सोबत क्यू फाईल (कुठलं गाणं कधी सुरू झालं याची यादी) बनवतो, मोठा ए सुटी गाणी बंद करतो. नावंही मिळाली आणि कापाकापीही टळली.

एफएफएमपेगनेही नावं मिळतात. '-लॉगलेव्हल व्हर्बोज' ठेवलं की प्रत्येक बदलाला स्ट्रीमटायटलची ओळ एरर आउटपुटवर येते. तिच्यात वेळ नसते, म्हणून ती मोअरयुटिल्स या पॅकेजमधल्या 'टीएस' कमांडमधून काढा. प्रत्येक ओळीपुढे घड्याळ लागतं.

साधंसरळ

एवढा घोडा कशाला? कर्ल ही डाउनलोडची साधी कमांड पुरते: 'कर्ल -एल -एम ३६०० -ओ फाईल पत्ता' (पहिला एल मोठा, बाकी लहान). आइसकास्ट म्हणजे न संपणारं डाउनलोडच. कर्ल सगळीकडे असतो आणि एका पानाचे पर्याय पाठ करावे लागत नाहीत.

दुसरी_पाळी

कर्लला माझा विरोध नाही, पण त्यावर लोक जे चढवतात त्याने घात होतो.

पहिली गोष्ट '--रीट्राय'. नेट तुटलं तर पुन्हा जोडेल म्हणून लोक '--रीट्राय ५' घालतात. कर्लच्या लेखी '-एम'ची मुदत संपणं हासुद्धा पुन्हा प्रयत्न करण्याजोगा एरर आहे (क्रमांक २८). आणि पुन्हा प्रयत्न करताना तो आधी उतरलेलं फेकून फाईल शून्यापासून सुरू करतो. म्हणजे तासभर नीट रेकॉर्ड झालं, वेळ संपली, सगळं पुसलं, दुसरा तास सुरू. सातचा कार्यक्रम लावलात आणि फाईलमध्ये निघाला भलताच, तर कारण हे असतं. रीट्राय काढून टाका. हवंच असेल तर शेलमध्ये लूप लिहा आणि दर खेपेला फाईलचं नाव नवं द्या.

दुसरी गोष्ट मेटाडेटाचा (गाण्याच्या नावासारख्या माहितीचा) हेडर, म्हणजे विनंतीसोबत सर्व्हरला जाणारी सूचना. गाण्यांची नावं मिळावीत म्हणून 'आइसी-मेटाडेटा: १' हा हेडर कर्लला जोडला की सर्व्हर आवाजाच्या मध्येमध्ये मजकूर पेरतो. किती बाईटनंतर, ते उत्तरातल्या मेटाइंट हेडरमध्ये सांगतो, पुष्कळदा १६०००. प्रत्येक वेळी आधी एक बाईट लांबीचा. त्याला १६ने गुणलं की पुढच्या मजकुराची लांबी. एफएफएमपेग हा मजकूर वेगळा काढतो, कर्ल तसाच फाईलमध्ये ओततो. १२८ केबीपीएस म्हणजे सेकंदाला बरोबर १६००० बाईट, त्यामुळे दर सेकंदाला मजकूर आवाजात घुसतो. नाव बदललेलं नसेल तेव्हा एकच शून्य बाईट असतो, तो बहुधा खपून जातो. नाव येतं तिथे टिक्‌ ऐकू येतं. लोक मग नेटला दोष देतात. हेडर पाठवूच नका, स्ट्रीम स्वच्छ येते.

आणि पत्ता .पीएलएस किंवा .एम३यूचा (प्लेलिस्टचा) असेल तर कर्ल दोनशे-तीनशे बाईटची मजकूर-फाईल उतरवून लगेच मोकळा होतो. ती उघडा, खरा पत्ता आत असतो.

सातासमुद्रापार

तुमची चर्चा आइसकास्टपुरती चाललीय. आमच्यासारखे बाहेर राहणारे मुंबईची अस्मिता वाहिनी, पुणे केंद्र ऐकतात, आणि न्यूजऑनएअर या ॲपवरच्या आकाशवाणीच्या स्ट्रीम एचएलएस आहेत. तिथे कर्ल आणि स्ट्रीमरिपर दोन्ही गारद.

एचएलएसमध्ये सलग धार नसते. काही सेकंदांचे तुकडे असतात आणि त्यांची यादी (.एम३यू८) सतत बदलत असते. याचा एक मोठा फायदा आहे, तो वर कोणी सांगितला नाही. समजा यादीत १० सेकंदांचे ५ तुकडे आहेत. नेट २० सेकंद गेलं तरी परत आल्यावर ते तुकडे यादीत असतातच, एफएफएमपेग मागचे उतरवून घेतो आणि रेकॉर्डिंग अखंड राहतं. ५० सेकंदांहून जास्त गेलं तरच भगदाड. आइसकास्टला हे जमत नाही. तिथे उलट पुन्हा जोडताना सर्व्हर बफर भरायला मागचे सुमारे ६४ केबी एकदम देतो, १२८ केबीपीएसला चार सेकंद. जोडणी क्षणभरच तुटली असेल तर तेवढी पुनरुक्ती ऐकू येते.

एचएलएसला 'रीकनेक्ट_ॲट_ईओएफ' मात्र देऊ नका. यादीची फाईल संपली की त्याला वाटतं स्ट्रीमच तुटली, आणि तो तीच यादी मागत बसतो.

वेळेचंही बघा. भारतातले सकाळचे ७ म्हणजे यूटीसी १:३०. न्यूयॉर्कला उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे ९:३०, हिवाळ्यात ८:३०. क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) स्थानिक घड्याळावर ठेवला की वर्षातून दोनदा कार्यक्रम चुकतो. लिनक्समधल्या सिस्टमडीच्या टायमरमध्ये वेळेनंतर 'एशिया/कोलकाता' लिहिता येतं, मग तिकडे घड्याळं बदलोत नाहीतर न बदलोत. क्रॉनच वापरायचा तर त्याच्या ओळीत फाईलच्या नावातल्या तारखेचं टक्केचिन्ह उलट्या तिरप्या रेघेशिवाय लिहू नका. टक्क्यापुढचं सगळं क्रॉन कमांडचं इनपुट समजतो आणि फाईल बनतच नाही.

छोटं_केंद्र

सर्व्हरच्या बाजूने एक तक्रार. 'अख्खं उतरवा' हे वाचून लोक चोवीस तास स्ट्रीम लावून ठेवतात. १२८ केबीपीएसला एका जोडणीचे दिवसाला १.३८ जीबी, महिन्याला ४१ जीबी. सामुदायिक रेडिओ चालवणाऱ्या संस्थेचा आइसकास्ट लहानशा भाड्याच्या सर्व्हरवर असतो. त्याच्या नमुना कॉन्फिगरेशनमध्ये श्रोत्यांची मर्यादाच १०० असते. दहा जणांनी रेकॉर्डर लावून ठेवले की दहा जागा अडल्या, आणि आकडे सांगणार की रात्री तीनलाही दहा श्रोते जागे आहेत! हवा तो तास घ्या, बाकी सोडा.

स्ट्रीमरिपरची ओळख पाहून काही सर्व्हर जोडणी नाकारतात. त्यावर 'यूजर एजंट बदला' असा सल्ला हमखास मिळतो. दारावर पाटी लावलेली असताना मिशा लावून आत शिरण्यातला हा प्रकार आहे.

खरखर

चोवीस तासांबद्दल मान्य, माझ्या पोस्टमध्ये ते स्पष्ट हवं होतं. पाटीबद्दल नाही. कित्येक ठिकाणी ती सर्व्हरच्या तयार यादीतून आलेली असते, केंद्राने विचार करून लावलेली नसते.

छोटं_केंद्र

कोणी लावली हे तुम्हाला बाहेरून कळतं का? केंद्राला विचारा. अर्ध्या वेळा ते स्वतःच मूळ फाईल देतात, आणि ती तुमच्या रेकॉर्डिंगहून चांगली असते.

कलम_५२

कायद्याचं थोडक्यात. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३७ प्रमाणे प्रसारण संस्थेला प्रसारणावर २५ वर्षांचा वेगळा हक्क आहे. कलम ३९ त्यातून स्वतःच्या खाजगी वापरासाठी केलेलं रेकॉर्डिंग, तसंच निव्वळ अध्यापन-संशोधनासाठी केलेलं, वगळतं. गाण्यावरचा हक्क त्याहून वेगळा, तिथे कलम ५२मधली खाजगी वापराची तरतूद बघायची. उतरवून स्वतः ऐकणं एक, ते टेलिग्रामच्या ग्रुपवर टाकणं दुसरं. दुसऱ्याला यातलं कुठलंच कलम वाचवत नाही. कुलूपबंद स्ट्रीमचं कुलूप तोडणं हा २०१२पासून कलम ६५एचा विषय आहे.

टेपडेक

मूळ मुद्द्यावर येतो. 'आहे तसंच ठेवा' हेही जरा सोवळंच आहे. बातम्या आणि भाषणं १२८ला साठवून काय मिळतं? ओपस या कोडेकला २४ केबीपीएस, एक चॅनेल: तासाला १०.८ एमबी. बोलणं अगदी स्वच्छ राहतं. रास्पबेरी पायसारखा चिमुकला संगणकसुद्धा हे सहज करतो.

खरखर

बोलण्यापुरतं खरं आहे. पण त्याच तासात मध्येच नाट्यगीत लागतं. २४ केबीपीएसला ऑर्गनचे सूर आणि तबल्याची आस दोन्ही पिठूळ होतात. आज भाषण म्हणून दाबलेल्या फाईलमध्ये काय होतं ते दहा वर्षांनी कळतं.

तुमच्या सोयीसाठी मधला मार्ग: एका कमांडमध्ये दोन आउटपुट. -आय एकच, पुढे '-सी कॉपी -टी ३६०० मूळ.एमपी३' आणि लगेच '-सी:ए लिबओपस -बी:ए २४के -एसी १ -टी ३६०० लहान.ओपस'. '-टी' दोन्हींना वेगळा द्यावा लागतो, नाहीतर दुसरी फाईल थांबतच नाही. सर्व्हरवर जोडणी एकच, म्हणजे केंद्राचीही तक्रार नको. लहान फाईल ऐका आणि महिन्याभराने ठरवा की मूळ ठेवायची की नाही.

टेपडेक

हे चालेल. पण मूळ कोणी पुसणार नाही, पैजेवर सांगतो.

दुसरी_पाळी

एक राहिलं. '-टी ३६००' आवाजाची लांबी मोजतो, घड्याळ नाही. मध्ये नेट थोडंथोडं अडून एकूण चार मिनिटं गेली तर कमांड ८:०० ऐवजी ८:०४ला थांबते आणि पुढच्या तासाच्या रेकॉर्डिंगवर चढते. म्हणून बाहेरून 'टाइमआउट -एस इंट ३६६०' लावा. इंट सिग्नल मिळाला की एफएफएमपेग फाईल व्यवस्थित बंद करून बाहेर पडतो, किल दिला तर नाही.

आणि आकार बघून रेकॉर्डिंग नीट झालं असं समजू नका. ठरावीक बिटरेटची स्ट्रीम शांततेतही तेवढेच बाईट पाठवते. स्टुडिओतली केबल निसटलेली असेल तर ५७.६ एमबीची, बरोबर तासाभराची, पूर्ण मुकी फाईल मिळते. रेकॉर्डिंगनंतर एफएफएमपेगचा सायलेन्सडिटेक्ट फिल्टर उणे ५० डेसिबल आणि ३० सेकंदांवर चालवा, आउटपुटला '-एफ नल -'. एका तासाची फाईल काही सेकंदांत तपासून होते आणि शांततेची सुरुवात कुठे ते लॉगमध्ये येतं.