बाल्कनीतली काकडी: फुलं ढीगभर, पण बारक्या काकड्या पिवळ्या पडून गळतायत

मांडवीकरीण (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय. आम्ही रत्नागिरीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, बाल्कनी समुद्राच्या बाजूला, ऊन दुपारी १२ नंतर पार मावळेपर्यंत. २६ जानेवारीला दोन कुंड्यांत काकडीचं बी लावलं, पाचव्या दिवशी उगवून आलं, सुतळी बांधून वेल ग्रिलवर चढवलाय, आता सहा फुटांच्या वर गेलाय. फुलं तर रोज सकाळी १०-१२ नवीन दिसतात, पिवळीधमक. पण काकडी धरत नाहीये. म्हणजे फुलाच्या मागे बोटाच्या पेराएवढी काटेरी काकडी दिसते, दोन-तीन दिवस तशीच राहते, मग टोकाकडून पिवळी पडते, सुकते आणि हात लावला की गळते. अशा आत्तापर्यंत १४ गेल्या, मी मोजल्यात, कारण खरंच वाईट वाटतं हो रोज सकाळी बघताना.

माती बागेतली लाल माती आणि शेणखत अर्धं अर्धं आहे. कुंडी १० इंची. पाणी रोज संध्याकाळी घालते, आरओ मशीनमधून जे पाणी वाया जातं ते बादलीत साठवून तेच वापरते. पानांच्या कडा थोड्या करपल्यासारख्या झाल्यात, ते उन्हाने असेल असं वाटतंय. व्हिडिओ बघून थ्रीजी कटिंग (शेंडे खुडून फुटव्यांना पुन्हा फुटवे आणायचे ते) करावं का असा विचार चाललाय. मिस्टर म्हणतात औषध मार. काय करू?

गच्चीवरची (अलिबाग)

ताई, औषध अजिबात मारू नका, तुमच्या वेलाला रोग नाहीये. परागीभवन होत नाहीये एवढंच आहे.

काकडीला नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी येतात. ज्याच्या मागे नुसता बारीक देठ ते नर, ज्याच्या मागे छोटी काकडी ते मादी. सुरुवातीचे आठ-दहा दिवस तर जवळपास सगळी नरच असतात, त्यामुळे रोज १०-१२ फुलं दिसतात त्यातली बहुतेक नर असणार. फूल एकच दिवस उघडं असतं आणि त्या दिवशी मधमाशीने नराकडून मादीकडे पराग नेला नाही की ती बारकी काकडी झाड स्वतःच सोडून देतं, अगदी तुम्ही लिहिलंय तसं, टोकाकडून पिवळी होत. मीही दुसऱ्या मजल्यावर होते तेव्हा हेच झालं होतं. खाली परसात सातेरी माश्या घोंगावत असतात पण वाऱ्याच्या बाजूच्या वरच्या बाल्कनीत एक दिसत नाही, तुमची तर समुद्राकडची, दुपारचा खारा वारा सतत.

मग माशीचं काम आपण करायचं. सकाळी साडेसहा ते नऊच्या मधे, त्याच दिवशी उमललेलं नर फूल देठासकट तोडा, पाकळ्या हळूच मागे सोलून काढा, आत मधोमध पिवळा दांडा राहतो, त्याला बोट लावलंत तर पिवळी पूड लागेल. मादी फुलाच्या आत बघा, तीन भाग झालेला गुबगुबीत चिकट गोळा दिसेल. तिथे हा दांडा गोल फिरवत लावायचा, तिन्ही भागांना लागला पाहिजे, नाहीतर काकडी एका बाजूला वाकते नाहीतर टोकाला चिंचोळी होते. एक नर दोन-तीन मादींना पुरतो. दहानंतर उन्हं तापली की उपयोग नाही, पराग सुकतो. दोन दिवसांत काकडी ताठ झाली आणि गडद दिसायला लागली की समजायचं जमलं.

कटिंग आत्ता नको, दहा इंची कुंडीतला वेल आधीच ताणावर आहे. बाजूचे फुटवे तसेच राहू द्या, मादी फुलं त्या फुटव्यांवरच जास्त येतात.

खाडीकाठ

वरचं परागीभवनाचं अगदी बरोबर आहे पण माझं लक्ष त्या आरओच्या पाण्यावर अडकलंय. ताई ते पाणी बंद करा, आजच. मशीन गोडं पाणी आपल्याला देतं आणि त्यातले सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात एकवटून येतात. लादी पुसा, बाथरूममध्ये वापरा, पण काकडीला नको, काकडीला क्षार सोसत नाहीत. पानांच्या कडा करपल्यात ना, उन्हाने पान मधेच कुठेतरी पांढुरकं पडतं, सगळीकडे कडेने सारखी करपलेली रेघ असेल तर ते बहुतेक मिठाचंच काम. कुंडी मातीची असेल तर बाहेरून पांढरा थर आलाय का बघा.

मी हे एवढ्या पोटतिडकीने सांगतोय कारण आमचं घर खाडीला लागून, बोअरचं पाणी एप्रिल-मे मध्ये मचूळ होतं आणि एका उन्हाळ्यात मी त्याच पाण्यावर नऊ वेल घालवले. आधी वाटलं खत कमी पडतंय म्हणून अजून खत घातलं, त्याने आणखी वाईट झालं कारण खतही शेवटी क्षारच की. मग एकदा भरपूर गोडं पाणी घालून कुंड्या धुऊन काढल्या, म्हणजे कुंडीत मावेल त्याच्या दुप्पट पाणी सावकाश ओतायचं आणि खालून निथळू द्यायचं, तसं आठवड्याच्या अंतराने दोनदा केलं तेव्हा जे तीन वेल उरले होते त्यांना नवीन पानं स्वच्छ आली.

आणि कोकोपीट आणणार असाल तर तेही आधी बादलीत भिजवून दोन-तीनदा पिळून घ्या, नारळाच्या काथ्यात मुळातच मीठ असतं.

मांडवीकरीण

अरे देवा. पाणी वाया जाऊ नये म्हणून मी दीड महिना तेच घालतेय. आत्ता टॉर्च घेऊन बघितलं, कुंडीच्या कडेला खरंच पांढरी बुरशीसारखी रेघ आहे, मला वाटलं होतं बुरशीच आहे. उद्यापासून नळाचं पाणी. १० इंची कुंडी लहान आहे का? आणि आता बदलता येईल का?

दापोली_शेतीवाला

लहान आहे. एका वेलाला किमान १५ ते २० लिटर माती हवी, म्हणजे १५ इंची कुंडी नाहीतर तेवढी ग्रोबॅग, आणि एका कुंडीत एकच वेल. आपली जांभ्याची लाल माती पाणी धरत नाही, त्यात मार्च-एप्रिलचं ऊन, संध्याकाळी घातलेलं पाणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपलेलं असतं. पानं दुपारी मान टाकतात का बघा. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ दोन वेळा पाणी, मुख्य सकाळचं.

आता कुंडी बदलू नका, काकडीची मुळं हलवलेली चालत नाहीत, एवढा मोठा वेल मरेल. वरून दोन इंच पातेरा (वाळलेली पानं) पसरा म्हणजे ओल टिकेल. दुपारी २ ते ४ हिरवी शेडनेट ओढा. पुढच्या खेपेला लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि धुतलेलं कोकोपीट सारखं सारखं घ्या, लाल माती आम्लधर्मी असते म्हणून मूठभर चुना मिसळून आठ दिवस ठेवून मग भरा, आणि तळाला नारळाच्या सोडणाचे (वरच्या काथ्याच्या सालीचे) तुकडे टाका, फुकटचे मिळतात आणि ओल धरून ठेवतात. शेणखत अर्धं अर्धं करू नका, नत्र जास्त झालं की पानंच पानं येतात.

बियांबद्दल: तुम्हाला रोज सकाळी फुलं लावत बसायला वेळ नसेल तर पॉलिहाऊससाठीच्या परागीभवन न लागणाऱ्या जाती मिळतात, बी महाग पडतं पण वरच्या मजल्याला त्याच बऱ्या. पावसाळ्यात लावायचं झालं तर आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'शीतल' जात आपल्या पावसाला सोसते, तिला मात्र माशी किंवा तुमचा हात लागणारच.

एक आत्ताच सांगून ठेवतो, काकड्या धरायला लागल्या की फळमाशी येईल. ओळख अशी: काकडीवर टाचणी टोचल्यासारखा डाग, त्यातून डिंकासारखा थेंब, मग काकडी तिथेच वाकते आणि कापली तर आत पांढऱ्या अळ्या. न फळलेली काकडी पिवळी पडते तिला असा डाग नसतो, दोन्हींत गल्लत करू नका. बरेच लोक आंब्याच्या बागेतला सापळा आणून टांगतात आणि म्हणतात काही पडत नाही, पडणार कशी, आंब्याच्या माशीला मिथाइल युजेनॉल लागतं आणि वेलावरच्या माशीला क्यू ल्युअर, आमिष वेगळं. दुकानात 'वेलवर्गीयांसाठी' असं सांगून मागा. दोन कुंड्यांना तर सापळाही नको, बोटाएवढी काकडी झाली की तिला जुन्या सुती कापडाची पिशवी घाला. टोचलेली फळं कुंडीतच टाकू नका, अळी मातीत उतरून कोष करते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस उन्हात ठेवा.

वेंगुर्ल्याचो

ताईनू, काकडी झाली की माका सांगा, पण माझा सांगणा वेगळा आसा. आमच्याकडे काकडी म्हणजे तवसा. चवथीक गणपतीच्या डोक्यार माटवी बांधतत तिका आंब्याचे टाळ, नारळ, कवंडळा, सुपारीचो शिपटो आणि तवसा व्हयाच. बाजारात त्या चार दिवसांत तवसा मागतील त्या भावान जाता. माझी आये परसातला तवसा पानाखाली लपवून ठेवी, कोणाची दृष्ट लागा नये म्हणान. उरलेल्या तवशाचा धोंडस, तांदळाचो रवो, गूळ, चून (खवललेलो नारळ) आणि हळदीचा पान. त्या वासाचा काय सांगू.

कुंडीत तवसं होतं का असं बरेच जण विचारतात म्हणून सगळ्यांना समजेल असं लिहितो. मी गेली दोन वर्षं गच्चीवर ५० लिटरच्या ड्रममध्ये लावतोय. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पहिला पाऊस जिरला की दोन बिया, त्यातली दणकट ठेवायची. वेल जमिनीवरच्यासारखा पसरत नाही, एका ड्रमला दोन तवशी मिळाली, तिसरं धरलं ते मीच काढून टाकलं, तेवढ्या मातीला पेलत नाही. पण माटवीला दोन पुरतात. फळ मोठं झालं की जुन्या साडीची झोळी करून टांगायचं नाहीतर देठ तुटतो. सकाळी दव असताना पानांवर चुलीची राख भुरभुरवायची, तांबडे भुंगे येत नाहीत, आमच्या आयेची पद्धत, मी तरी दुसरं काही वापरलेलं नाही. पावसात मातीत पाणी साचू देऊ नका, ड्रमला भोकं खाली नाही तर कडेने, तळापासून बोटभर उंचीवर पाडा आणि विटांवर ठेवा.

मांडवीकरीण

आज १६ दिवसांनी लिहितेय. नळाच्या पाण्याने दोनदा कुंड्या धुतल्या, पातेरा खाली नारळाच्या झाडाजवळ वॉचमनकाकांनी गोळा केलेला तोच आणून पसरला. पहिले तीन दिवस मादी फूलच सापडेना, चौथ्या दिवशी दोन उमलली. हात थरथरत होता खरं सांगते. एक पिवळी पडून गेली, दुसरी दोन दिवसांनी देठ उचलून उभी राहिल्यासारखी ताठ झाली आणि रोज सकाळी बघावं तर वाढलेली. त्यानंतर सात फुलांना केलं, पाच धरल्या. नवीन पानांच्या कडा हिरव्यागार आहेत.

काल पहिली तोडली, वीतभर झाली होती. खमंग काकडी केली, दाण्याचं कूट आणि वरून जिरं-हिंगाची फोडणी. देठाकडचा तुकडा मात्र कडू लागला, हे का?

खाडीकाठ

अभिनंदन ताई! कडूपणा देठाकडे आणि सालीखालीच जमतो, वेलाला पाण्याचा ताण आणि उष्णता जास्त झाली की वाढतो. मागच्या दीड महिन्याची कसर आहे ती. देठाकडचं बोटभर कापून टाका आणि साल जरा जाड काढा. सगळीच काकडी जहर कडू लागली तर मात्र खाऊ नका, टाकून द्या. पाणी वेळच्या वेळी राहिलं तर पुढच्या काकड्या गोड येतील. आणि तोडायला उशीर करू नका, एक जरी काकडी वेलावर पिवळी होईपर्यंत राहिली तर नवीन धरणं कमी होतं.

मांडवीकरीण

बरं बरं, आजच दोन तोडते. वेंगुर्ल्याचे भाऊ, तवशाच्या बिया मिळतील का? आमच्याकडेही माटवी बांधतात आणि जूनला अजून दोन महिने आहेत, तोवर ड्रम आणून ठेवते.

वेंगुर्ल्याचो

आसत तर! गेल्या वर्षीच्या बिया राखेत घोळवून शेणाबरोबर भिंतीक थापलंय, अजून तशेच आसत. मे महिन्यात रत्नागिरीक येतंय, १० बिया घेवन येतंय. ड्रमाक भोका कडेन पाडा, इसरा नको.