सलग चार वर्षं मुसळी, आता मुळांची बोटं सडतायत

पूर्णाकाठ (अकोट):
राम राम मंडळी. एकाच वावरात सलग चार हंगाम सफेद मुसळी, म्हणजे औषधी मुळांचं पीक, घेतली. आधी बोटं जाड, भरीव यायची. यंदा खोदली तर बारीक, अन् टोकाकडून तपकिरी होऊन सडलेली. शेणखत दरवर्षी वाढवतो, डीएपी वेगळं. बेणं घरचंच. जूनच्या लागवडीआधी काय करू?

काळीमाती:
फोरेट कीटकनाशक टाका, विषय संपला.

मळेकरी:
फोरेटवर २०२० अखेरपासून बंदी आहे राजेहो, अन् मुसळी माणसाच्या पोटात जाते.

पूर्णाकाठभाऊ, खत वाढवून हे सुटणार नाही. एकाच पिकाची मुळं दरसाल त्याच जागी, म्हणून मुळकूज करणारी बुरशी अन् सूत्रकृमी (मुळात शिरणारे बारीक जंत) तिथंच मुक्काम ठोकतात. आधी खात्री करा. सडक्या वाफ्यातली माती कुंडीत भरून भेंडी लावा. दीड महिन्यानं अलगद उपटून मुळं पाण्यात धुवा. मुळाच्या अंगातच फुगलेल्या गाठी दिसल्या की सूत्रकृमी आहे.

यंदा अन् पुढच्या वर्षी तिथं मुसळी नकोच. मे महिन्यात वावर ओलवून पारदर्शक प्लॅस्टिक चार-सहा आठवडे अंथरा, कडा मातीत दाबून. खर्चिक आहे, म्हणून जिथं सड जास्त तेवढ्याच वाफ्यांवर. पाऊस पडला की हिरवळीच्या खतासाठी ताग पेरा, फुलावर आला की मातीत गाडा, साधारण ४५-५० दिवसांत. त्याच्यामागं रब्बी ज्वारी. शेणखत मात्र कुजलेलंच. कच्च्या खतानं हुमणी (मुळं खाणारी अळी) येते ते वेगळंच. पुन्हा मुसळीकडं वळाल तेव्हा एकरी दोन किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) त्या खतात मिसळून, सावलीत ओलसर ठेवून, मग टाका.

बेणं या वावरातलं अजिबात वापरू नका. नाहीतर नव्या वावरात रोग स्वतःच्या हातानं नेऊन लावाल.

पूर्णाकाठ:
पटलं. पण दोन वर्षं पैसा कुठून? हळद चालेल का?

मळेकरी:
हळद नको, तिलाही कंदकूज अन् सूत्रकृमी दोन्ही लागतात. वांगी, टमाटेही नको. पाणी असेल तर झेंडू लावा. सूत्रकृमी आटोक्यात येते अन् दसरा-दिवाळीला चार पैसे हाती. फुलं तोडून झाली की झाडं तिथंच गाडा.

अन् माती परीक्षण करून घ्या, सेंद्रिय कर्ब अन् सामू (पीएच) पाहा. तुमच्याकडं खारपाणपट्टा (खाऱ्या भूजलाचा भाग) जवळ, विहिरीचं पाणीही तपासा. माती चोपण (सोडियम वाढून चिकट, घट्ट) होत असेल तर हिरवळीला तागाऐवजी धैंचा.